एक इंच दीड सूत

बोरिवलीत छंदांचे दोनच प्रकार आहेत. घडी घालून पलंगाखाली सरकवता येणारे, आणि ज्यांच्यावरून घरात मतदान होतं असे. पोस्टाची तिकिटं, बासरी, बुद्धिबळ, झालंच तर हार्मोनियम, हे पहिल्या प्रकारात. नॅशनल पार्कात पहाटे पक्षी बघायला जाणं त्याहून सोयीचं, कारण पक्षी पार्कातच राहतात. पण नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायचं तसलं पुरुषभर उंचीचं मशीन चाळिशी उलटल्यावर घरात बांधायला काढणं हा निखालस दुसऱ्या प्रकारचा छंद आहे. आमच्याकडे तो पहिल्या फेरीत एक विरुद्ध तीन मतांनी फेटाळला गेला. तरी मशीन आज उभं आहे, आणि त्याचं श्रेय प्लायवूडला आहे, मला नाही.

ज्यांच्या लहानपणी मोबाइल होते त्यांच्यासाठी आधी थोडा इतिहास. स्टेशनबाहेरच्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि साडीला फॉल-बिडिंग करून देणारा यांच्या मधे एक गाळा असायचा. शटर अर्धं ओढलेलं. दाराशी पाटी: शाळेच्या गणवेशात प्रवेश नाही. या पाटीमुळे उपनगरातल्या एका अख्ख्या पिढीच्या दप्तरात इतिहासाच्या वहीच्या जागी जादा टीशर्ट असे. आत काळोख, एकच पंखा, आणि तोही काउंटरवरच्या शेठकडे तोंड करून. भिंतीला लागून मशिनं. वर तिरपा बसवलेला पडदा, कमरेच्या उंचीला पुढे आलेली फळी, फळीवर लाल गोळ्याची दांडी आणि बटणं, त्याखाली नाणं टाकायची फट. एक जण खेळे, आठ जण बघत. नाणं एकाचं, सल्ला सर्वांचा. आणि ज्याच्या खिशात आयुष्यात कधी नाणं नव्हतं तोच सर्वांत मोठा तज्ज्ञ असे.

गॅस पेटवायच्या लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीशी उडवली की फुकट डाव मिळतो, असा एक शोध तेव्हा तोंडोतोंडी फिरत होता. खरं-खोटं शेठ जाणे. त्या काळात बऱ्याच घरांतले लायटर मात्र गहाळ होत आणि आया काडेपेटीवर येत.

सर्वांत जास्त गर्दी 'मुस्तफा'वर. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' नावाच्या चित्रकथेवरून जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. खेळायला चार पात्रं: जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. कथेचा नायक जॅक. पण टोपीवाला मुस्तफा सर्वांत चपळ, पळत येऊन जी लाथ घाली तिला तोड नव्हती, शिवाय नाव ओळखीचं. तेव्हा अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सर्वांनी एकमताने नायक बदलला आणि गेमचं बारसंही नव्याने केलं. कॅपकॉमला कोणी कळवलं असेल असं वाटत नाही.

आता या सगळ्या गाळ्याचा ऐवज तळहातावर मावतो. रास्पबेरी पाय नावाचा एक संगणक मिळतो. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. केंब्रिजमधल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काळजी लागली होती की विद्यापीठात संगणक शिकायला येणाऱ्या मुलांना आताशा प्रोग्रॅमिंग येत नाही. मोडला तरी जीव हळहळणार नाही असा स्वस्त संगणक पोरांच्या हातात द्यावा, म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी पहिला पाय पस्तीस डॉलरला विकायला काढला. हेतू उदात्त होता. रांगेत पाहतात तर पोरांचे बाप.

पुढे २०१५ मध्ये त्यांनी पाच डॉलरचा पाय झीरो काढला आणि स्वतःच्या मासिकाच्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून चक्क फुकट वाटला. आपल्याकडे दिवाळी अंकाबरोबर राशिभविष्याची पुस्तिका मिळते, ती फार तर वाचता येते.

या पायच्या पहिल्या मॉडेलांना ए आणि बी ही नावं दिली ती १९८०च्या दशकातल्या बीबीसी मायक्रो या संगणकाच्या आठवणीने. तो बनवणारी एकॉर्न कंपनी केंब्रिजचीच, आणि पायच्या पोटात जी एआरएम जातीची चिप असते तिचा जन्मही एकॉर्नमधलाच. बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला होता. केंद्र सरकारने १९८४च्या सुमारास 'क्लास' नावाच्या योजनेतून निवडक शाळांना तो दिला. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून, हात मागे बांधून जायची पद्धत होती. त्याच घराण्यातला हा वंशज आमच्याकडे आला तो गव्हाच्या डब्याशेजारी राहायला.

एवढ्याशा पाटीवर जुने गेम चालतात ते सोंग आणून. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने १९९७ साली 'मेम' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो आधुनिक संगणकाला सांगतो की बाबा रे, आता तू १९८०ची जपानी पेटी आहेस, तसाच वाग. मूळ पॅक-मॅनची चिप सेकंदाला तीस लाख ठोके देणारी. माझ्याकडच्या पाय ४ मध्ये दीडशे कोटी ठोके देणारी चार डोकी आहेत. त्यामुळे पॅक-मॅन चालवताना त्याला श्रम असे नाहीतच. 'रेट्रोपाय' नावाची तयार व्यवस्था उतरवून घ्यायची, मेमरी कार्डावर चढवायची, दांडी जोडायची, कुठलं बटण काय ते सांगायचं. संध्याकाळचा चहा ते रात्रीचं जेवण, एवढ्या वेळात काम होतं. गेमच्या फायली हा मात्र नाजूक विषय आहे. त्या ज्या कंपन्यांच्या आहेत त्यांच्याच मालकीच्या असतात. इतकी वर्षं वहिवाट आहे म्हणून कूळकायदा लागत नाही.

म्हणजे तंत्रज्ञानाची बाजू एका संध्याकाळीत आटपते. उरतं ते कपाट. तिथे केंब्रिज संपतं आणि बोरिवली सुरू होते.

मशीनला जमिनीवर जागा लागते दोन फूट बाय अडीच फूट. पाच चौरस फूट. आमच्या भागातला चौरस फुटाचा भाव पेपरात पाहून मी त्याला पाचाने गुणलं, उत्तर पाहिलं आणि कागद बारीक फाडून टाकला. पस्तीस डॉलरच्या वस्तूला एवढ्या किमतीचा भूखंड देणं कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. टेबलावर ठेवायचा छोटा अवतार करता येतो, पण आमच्याकडे टेबल एकच आहे आणि त्यावर आम्ही जेवतो. मतदानात बायको, आई आणि मुलगी विरोधात गेल्या. मुलीचा विरोध तत्त्वाचा होता. तिला हॉलमधली तीच जागा आरशासाठी हवी होती.

कोंडी फुटली ती बायकोच्या एका साध्या प्रश्नाने.

"एवढ्या मोठ्या खोक्यात आत असतं काय?"

"वर मॉनिटर. बाकी काही नाही. पोकळ."

मुंबईच्या घरात हा शब्द जपून वापरावा. इथे पलंग पोकळ असला तर त्यात रजया जातात, सोफा पोकळ असला तर त्यात पत्र्याची ट्रंक जाते, आणि दारावर हातभर जागा सापडली की तिथे माळा होतो आणि माळ्यावर लग्नातली भांडी जातात. माझं उत्तर हवेत असतानाच आईने विचारलं, "पोकळ म्हणजे केवढं? पंधरा किलोचा डबा उभा राहील?" बायकोने व्हॅक्यूम क्लीनरचं नाव नोंदवलं. मुलगी आरसा विसरून म्हणाली की बॅडमिंटनच्या रॅकेट तिथेच ठेवाव्यात. पंधरा मिनिटांत पोकळीचे तीन मजले पडले, वाटप झालं आणि ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. कार्यवृत्तात विषय 'कपाट' असा आहे.

सामानासाठी लॅमिंग्टन रोड. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं त्याचं अधिकृत नाव आहे, पण सोल्डरिंग गन हातात असलेला माणूस १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचंच नाव घेतो. बोरिवलीहून फास्ट लोकल पकडली तर ती ग्रँट रोडला थांबत नाही, आणि स्लो पकडली तर ग्रँट रोड येईपर्यंत छंद उतरतो. मधला मार्ग म्हणजे दादरला गाडी बदलणं. त्यात छंद टिकतो, इस्त्री टिकत नाही.

तिथल्या दुकानांची रुंदी दुकानदाराच्या खांद्यांवरून ठरवलेली असावी. गिऱ्हाइकाला काय हवंय याच्याआधी त्याला किती कळतं हे तपासलं जातं. आर्केडची बटणं मागितल्यावर एका काउंटरवरच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलासाठी?" मी "हो" म्हणालो. "जुन्या गेमचं मशीन बनवायला येतात ते सगळे मुलासाठीच नेतात," काका म्हणाले, "आणि मुलगा एकदाही बरोबर नसतो." मग त्यांनी आतून दोन दांड्या आणल्या. दांडीच्या बुडाशी चार बाजूंना चार छोटे मायक्रोस्विच असतात. दांडी ज्या बाजूला कलेल तिच्या विरुद्ध बाजूचा स्विच 'कट्' करतो. काकांनी दोन्ही दांड्या कानाशी धरून चारही दिशांना कटकटवल्या, एक परत आत टाकली आणि दुसरी माझ्यापुढे सरकवली. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

लॅमिंग्टन रोडवर आणखी एक ज्ञान मिळतं, ते म्हणजे चौसष्ट जीबीचं मेमरी कार्ड आणि चौसष्ट जीबी असं लिहिलेलं मेमरी कार्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दोन्हींचे भाव वेगळे आहेत. दुकानदार प्रामाणिक असेल तर "कौनसा दूं?" असं विचारतो. मॉनिटर मी मुद्दाम जुना घेतला, कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेला, चौकोनी, एकोणीस इंची. त्याच्या खाली कोपऱ्यात अजून कोणाच्या तरी एक्स्टेन्शन नंबरची चिकटपट्टी आहे.

प्लायवूडचं पान आठ फूट बाय चार. ते लिफ्टमध्ये जात नाही, आणि गेलं असतं तरी 'फर्निचरचे सामान लिफ्टमधून नेऊ नये' अशी आमच्या लिफ्टमध्ये पाटी आहे. ती पाटी प्लायवूडचीच आहे आणि ती तिसऱ्या मजल्यावर गेली ती लिफ्टनेच. शेवटी पानं खाली कंपाउंडमध्ये कापायचं ठरलं आणि त्यासाठी मिस्त्री आले.

मिस्त्रींनी माझा नकाशा उभा धरला, आडवा धरला.

"मंदिर है?"

"नहीं."

"टीव्ही युनिट?"

"थोडासा."

"थोडा टीव्ही, थोडा मंदिर," मिस्त्रींनी स्वतःपुरता निकाल लावला आणि कानावरची पेन्सिल काढली. ते शेवटपर्यंत त्याला मंदिरच म्हणत होते. मॉनिटरच्या वर दिव्याची पट्टी लावायची असते, तिथे त्यांनी मला न विचारता घंटा टांगायला एक हूक ठोकून दिला. तो अजून आहे.

खरा प्रसंग आला भोकांचा. जपानी पद्धतीच्या आर्केड बटणाला तीस मिलिमीटरचं भोक लागतं, आणि 'स्टार्ट'च्या धाकट्या बटणाला चोवीस. मी मिलिमीटरमध्ये बोलत होतो. मिस्त्री इंच आणि सूत यांच्यापलीकडे कुठलीच संस्कृती मानत नाहीत. एका इंचाचे आठ सूत. त्यांनी बटण हातात घेतलं, अंगठ्याने त्याची कड चाचपली, टेप लावलीच नाही, आणि म्हणाले, "एक इंच डेढ़ सूत." मी मोबाइल काढून हिशेब केला. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एक सूत ३.१७५, दीड सूत पावणेपाचच्या किंचित वर. बेरीज ३०.१६. जपानी कारखाना आणि मिस्त्रींचा अंगठा यांच्यात फरक होता मिलिमीटरच्या सोळा शतांशांचा. धाकट्या बटणाला ते म्हणाले, "साढ़े सात सूत." म्हणजे २३.८. हे पाव मिलिमीटरहूनही कमी अंतर त्यांनी काचकागदाचे दोन हात मारून भरून काढलं. अभियांत्रिकीची पदवी असून मी त्या दिवशी फक्त प्लायचा तुकडा धरून उभा होतो.

सनमायका निवडण्याचा अधिकार बायकोकडे होता. मूळ मशिनांवर भुतं, विजा, रॉकेटं रंगवलेली असत. आमच्यावर स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला मॅच होणारा सागाचा पोत आहे. खालच्या भागाला मिस्त्रींनी सवयीने दोन दारं, स्टीलची हँडलं आणि मॅग्नेट लावून दिले. लांबून पाहणाऱ्याला वाटतं की आम्ही कपाटात टीव्ही ठेवून तो बाहेर काढायचं विसरलो आहोत.

नाण्याच्या फटीवरून मात्र सोसायटीचे सेक्रेटरी अडले. ड्रिलचा आवाज दुपारी दोन ते चारमध्ये झाला का, हे विचारायला आले होते. नजर फटीवर गेली. "पैसे घेणार?" "घरच्यांकडूनच." "पण घेणार. म्हणजे निवासी गाळ्यात व्यावसायिक वापर." मी म्हटलं, आमच्या हॉलमध्ये पंखा, टीव्ही आणि मतभेद आहेत, व्यवसाय नाही. त्यांनी लेखी मागितलं. मी लेखी दिलं. मग ते म्हणाले, आता तपासणी करावी लागेल, आणि मुस्तफा घेऊन तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. आमचे सेक्रेटरी लहानपणी गोरेगावला राहायचे हे मला त्या दिवशी कळलं. तिकडेही तो गेम त्याच नावाने चालत असे. माझ्या मेहुण्याने तर पहिल्या दिवशी गेमच्या यादीत 'एम'खाली मुस्तफा शोधून शोधून मला खोटं पाडलं होतं. तो 'सी'खाली आहे, आणि मेमच्या फाइलचं नाव नुसतं 'डिनो' आहे.

फट का हवी, याला कारण आहे. सुरुवातीला मशीन फुकट चालत होतं. बटण दाबलं की डाव, मेलं की पुन्हा बटण. तसं खेळून मुस्तफा एका बैठकीत संपला आणि कोणालाच काही वाटलं नाही. त्या गेमची सगळी रचना नाण्यावर बेतलेली आहे. दोन-तीन मिनिटांत माणूस मेला पाहिजे, पण आणखी थोडं जमलं असतं असं त्याला वाटून त्याचा हात खिशात गेला पाहिजे, असा तो तोलून बनवलेला धंदा आहे. पैसा काढून घेतला की भीती जाते, आणि भीती गेली की उरते ती नुसती मारामारी. मुलीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मग मेल्यावर जाहिरात दाखव ना. तीस सेकंद पाहिली की एक लाइफ." तिच्या पिढीने नाण्याच्या जागी वेळ ठेवला आहे. मला नाणं बरं वाटतं. ते निदान संपतं.

म्हणून एका डावाला दोन रुपये असा दर ठरला. नाणं ओळखणारं यंत्र बाजारात मिळतं. त्याला आधी नमुन्याची नाणी खायला घालून शिकवायचं, मग ते व्यास, जाडी आणि धातू पाहून निर्णय घेतं. पहिली अडचण अशी की घरात नाणीच नव्हती. भाजीवाली, रिक्षावाला, चहावाला, सगळे क्यूआर कोडवर गेले आहेत. सुट्ट्या पैशांसाठी मी बरेच दिवस कोपऱ्यावरच्या फुलवाल्याचा अनुनय केला. दुसरी अडचण भारतीय टांकसाळीने घातली. स्टीलचा जुना रुपया, १९९०च्या दशकातला, पंचवीस मिलिमीटर व्यासाचा आहे. आणि २०११ साली आलेलं दोन रुपयांचं नाणं? तेही पंचवीस मिलिमीटर. माणसं रोज फसतात, तिथे यंत्राची काय कथा. जुना रुपया टाकला की आमचं मशीन तो दोनाचा म्हणून स्वीकारतं. हे सर्वांत आधी आईच्या लक्षात आलं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. देवघराच्या खणातली जुनी रुपयांची पुरचुंडी मात्र हलकी होत गेली, आणि महिनाअखेरीला गल्ला उघडल्यावर बायकोच्या हिशेबात निम्मी तूट आली. गल्ल्याची किल्ली बायकोकडे असते. मशीनचा मालक मी, पण उत्पन्न तिचं, अशी व्यवस्था आहे.

आई पॅक-मॅन खेळते. तोरू इवातानी यांनी १९८० साली नामको कंपनीसाठी तो केला तो बायकांनीही पार्लरमध्ये यावं म्हणून. गोळीबार नको, खाण्याचा विषय घ्या, असा त्यांचा विचार होता. आमच्या आईपर्यंत पोचायला त्यांना चाळीसवर वर्षं लागली, पण विचार बरोबर निघाला. पॅक-मॅनचा पडदा मुळात उभा असतो, त्यामुळे आमच्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. "रील आहे का?" मुलीने विचारलं, आणि पहिल्यांदाच आदराने बघितलं. खेळातल्या चार भुतांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी आपण कुठे जाणार ते हेरून पुढे जाऊन थांबतं, आणि नारिंगी जोरात जवळ येतं, पण अंतर कमी झालं की वळून आपल्या कोपऱ्यात जातं. या नारिंगीला आईने आमच्या सोसायटीच्या खजिनदारांचं नाव ठेवलं आहे.

त्या चक्रव्यूहात सुरुवातीच्या जागेजवळ उजवीकडे वर एक जागा आहे. भुतं जवळ नसताना तिथे जाऊन वरच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं, तर ती आजूबाजूला फिरत राहतात पण शिवत नाहीत. जगभरचे मुरलेले खेळाडू तिथे उभं राहून हात मोकळे करून येत. आईला ही जागा कोणी शिकवली नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा ती तिथे होती, गॅस बंद करून, आमटीला फोडणी घालून परत आली तर डाव चालूच. आता आमच्याकडे स्वयंपाक आणि पॅक-मॅन एकाच वेळी होतात आणि दोन्ही जळत नाहीत.

'स्पेस इन्व्हेडर्स' मला आवडतो तो त्यातल्या एका अपघातासाठी. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तो केला तेव्हा बिचाऱ्या चिपला पडद्यावरचे सगळे परग्रहवासी हलवायला जड जाई. एकेक मरू लागला की तिचं ओझं कमी होई आणि उरलेले भराभर धावू लागत. निशिकादोंनी तो दोष तसाच ठेवला, आणि तीच त्या खेळाची गंमत ठरली. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही जसजसे लोक उठून जातात तसतसे ठराव वेगाने पास होतात, आणि शेवटचे तीन तर दिसतही नाहीत.

शाळेतले मित्र आले ते 'स्ट्रीट फायटर टू'साठी. कॅपकॉमचा १९९१चा मूळ, अस्सल गेम लावून दिला तर सर्वांची तोंडं उतरली. हा खोटा आहे म्हणाले. त्यांच्या आठवणीत रायू हवेत उडी मारून एका दमात चार-पाच अग्निगोळे सोडतो. कारण आमच्या गाळ्यात होती ती कोणीतरी फेरफार केलेली चोरटी आवृत्ती, तशा तेव्हा जगभर पसरल्या होत्या. आम्ही नकलेवर वाढलो, त्यामुळे अस्सल माल आम्हाला मिळमिळीत लागतो. एकाने तर कॅपकॉमने नंतर पैसे वाचवायला गोळे कमी केले असावेत असा निष्कर्ष काढला.

वीजबिलाची भीती होती, ती फोल ठरली. संगणक आणि मॉनिटर मिळून तीस वॅटच्या आसपास. रोज तासभर चाललं तरी महिन्याला एक युनिटही धड होत नाही. आईने हे ऐकलं, मान डोलावली आणि तरीही रात्री झोपताना मेन स्विच बंद केला, कारण तो ती १९८२पासून बंद करत आली आहे. पायला असं झोपवलेलं सोसत नाही. त्याला आधी रीतसर 'शट डाउन' सांगावं लागतं, नाहीतर कार्डावर लिहिणं अर्धवट राहून सकाळी पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं उतरतात. शेवटी मी मशीनच्या बाजूला एक लाल बटण बसवलं, ते दाबलं की तो शिस्तीत बंद होतो. मिस्त्रींना फोन केला होता. "साढ़े सात सूत?" त्यांनी विचारलं. तेवढंच होतं.

दुसरं दुखणं विजेच्या चिन्हाचं. मोबाइलच्या साध्या चार्जरवर पाय चालवला आणि दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. आई ते चिन्ह डीपीच्या दारावर पाहत आलेली, त्यामुळे तिने घरात सर्वांना चपला घालायला लावल्या. चार्जर बदलला. मग ऑक्टोबर आला. ऐंशी अंशांच्या पुढे पाय तापला की स्वतःहून मंद होतो, आणि एके दिवशी मुस्तफा चिखलातून चालल्यासारखा चालायला लागला. दार उघडून पाहिलं तर हवेसाठी ठेवलेल्या जाळीला टेकून चकलीच्या भाजणीचा डबा. डबा हलवायचा की संगणक, यावर चर्चा झाली नाही. संगणक वरच्या मजल्यावर, व्हॅक्यूम क्लीनरशेजारी गेला.

आता आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. बोरिवलीत इमारत चाळिशीची झाली की तिचं हेच होतं. विकासकाचे आर्किटेक्ट प्रत्येक घरी येऊन नव्या फ्लॅटमध्ये काय काय हवं ते लिहून घेतात. बहुतेकांनी मास्टर बेडरूमला जोडून बाथरूम मागितलं. आमच्या आईने सांगितलं की स्वयंपाकघराच्या ओट्यापासून चार पावलांवर, शिट्टी ऐकू येईल अशा अंतरावर, दोन बाय अडीचची जागा भिंतीत सोडा, प्लग पॉइंट कमरेच्या उंचीला द्या, आणि मागे हवा खेळती ठेवा. तरुण आर्किटेक्टने सगळं मान डोलावून लिहून घेतलं. परवा आराखडा आला. जागा बरोबर आहे, माप बरोबर आहे, पॉइंटसुद्धा आहे. चौकोनाच्या आत त्याने लिहिलंय 'शू रॅक'. आईने आराखडा परत पाठवलाय.